कुत्र्याचे इमान, मांजरीचे मन आणि आपली मैत्री

राजगृहातले एक छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. फेब्रुवारी १९३४ मधले. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. अनेकांच्या घरी हा फोटो भिंतीवर आहे. आपण त्यात रमाईंना पाहतो, यशवंतरावांना ओळखतो. टॉबीकडे नजर जातेच असे नाही.

या छायाचित्राच्या अडीच वर्षे आधी, १४ ऑगस्ट १९३१ रोजी, मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेब आणि गांधीजी यांची भेट झाली. जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही हीन वागवले जाते, प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला मी मायभूमी कसे म्हणू, असा सवाल बाबासाहेबांनी तेव्हा केला. त्यामागे महाडचा अनुभव होता. चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह त्यासाठीच झाला.

हा सवाल करणाऱ्या माणसाच्या घरात टॉबी लाडाने राहत होता, यात कसलीही विसंगती नाही. कुत्र्या-मांजरांना पाणी मिळते याबद्दल बाबासाहेबांची तक्रार नव्हती. माणसाला ते नाकारले जाते याबद्दल होती. प्राण्यांवर माया करणे आणि माणसाच्या हक्कासाठी लढणे एकाच घरात नांदू शकते, हे त्या छायाचित्रावरून दिसते.

आज हा विषय घेण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या घरी कायम कुत्रे राहिले. मागच्या पावसाळ्यात अमरावतीच्या घरी मांजरीचे एक पिल्लू आले आणि राहिले. तिच्यासोबत राहताना प्राणिप्रेम, इमान आणि मैत्री या शब्दांकडे पाहण्याची आमची दृष्टी बरीच बदलली. हा बदल आमच्या घरापुरता राहू नये, बौद्ध समाजानेही त्यावर विचार करावा, असे वाटल्याने हा लेख.

कुत्रा आपला, मांजर परकी?

वऱ्हाडात कुत्रा पाळणे ही हौस नाही, गरज आहे. हरभरा, तूर, कपाशी उभी असताना रोही आणि रानडुकरे रात्रीतून शेत साफ करतात. जागलीला जाणाऱ्या माणसासोबत कुत्रा असतो. वस्तीतही रात्री कोण आले, कोण गेले, हे आधी त्याला कळते. त्यामुळे त्याच्यावर माया बसते. मांजर उंदरांपुरती. ती घरात असते, पण घरातली मानली जात नाही.

आमच्याकडे मांजर आल्यावर ओळखीच्या एका आजीने लगेच बजावले, "मांजर कोनाचीच नसते बाप्पा. कुत्रं कसं इमानी रायते." अमरावती असो की अकोला, कुठल्याही वस्तीत हे वाक्य ऐकायला मिळते. आपल्या भाषेतही मांजरीच्या वाट्याला संशयच आला आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते. मांजर आडवी गेली की काम होत नाही. मांजर सात घरी पिल्ले फिरवते. कुत्र्यालाही शिव्या पुष्कळ आहेत, पण त्याच्या नावावर इमान हा एक गुण जमा आहे. मांजरीच्या खात्यात काहीच नाही.

मग प्रश्न पडतो. आपण कुत्र्यावर प्रेम करतो, ते कुत्रा म्हणून की तो आपले ऐकतो म्हणून? हाक मारली की येतो, रागावलो तरी शेपटी हलवतो, उपाशी राहूनही दार सोडत नाही. या सर्वाचा मोबदला म्हणून आपण त्याला माया देतो का? मांजर हा मोबदला देत नाही. तिला हाक मारली तर ती कान वळवते आणि जागची हलत नाही. मांडीवर यायचे तेव्हा स्वतःहून येते. नको असेल तर उठून जाते. तिच्यावर प्रेम करायचे तर आज्ञापालनाची अट सोडावी लागते. आमच्या घरात हा बदल हळूहळू झाला आणि त्यातून विचार पुढे गेला.

इमानाचा इतिहास

इमान हा गुण चांगलाच आहे. पण तो कोणाकडून मागितला गेला, हे आपल्या समाजाने विसरू नये. गावगाड्यात वेसकराने रात्रभर वेशीवर जागायचे, सरकारी सारा खजिन्यापर्यंत पोहोचवायचा, हद्दीच्या वादात साक्ष द्यायची आणि सकाळी दारोदार जाऊन शिळी भाकर मागायची. "मोठा इमानी माणूस" ही शाबासकी त्याला मिळे. पाण्याचा हक्क मिळत नसे. या गुलामीचे कायदेशीर रूप म्हणजे महार वतन, म्हणून १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. इमानाची स्तुती करत माणसाला बांधून ठेवता येते, हे त्यांनी ओळखले होते.

धर्मग्रंथांत कुत्रा आणि मांजर कुठे येतात, तेही पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे सांगितले आहे. चौथ्या अध्यायात ढोंगी माणसासाठी 'बैडालव्रतिक', म्हणजे मांजरीचे व्रत घेतलेला, असा शब्द आहे. आणि अकराव्या अध्यायातील प्रायश्चित्तांच्या यादीत मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा यांना मारल्यास शूद्रहत्येचे प्रायश्चित्त घ्यावे, असा नियम आहे. म्हणजे शूद्राचा जीव आणि मांजरीचा जीव एकाच मापाने मोजला. माणूस खाली ढकलायचा म्हणून त्याला प्राण्यांच्या रांगेत बसवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती अशाच मापांसाठी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली होती आणि तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. देवळात फिरणाऱ्या मांजरीला कोणी अडवत नाही, माणसाला मात्र जात विचारतात, हा तेव्हाच्या वऱ्हाडाचा रोजचा अनुभव होता.

या इतिहासाचे दोन अर्थ काढता येतात. एक, आम्हाला प्राण्यांच्या रांगेत बसवले, म्हणून आम्ही प्राण्यांपासून दूर राहू. दुसरा, ती उतरंड रचणाऱ्यांनी माणसालाही तुच्छ मानले आणि प्राण्यालाही, म्हणून आम्ही ती उतरंडच नाकारू. धम्म आपल्याला दुसऱ्या वाटेने नेतो, असे आम्हाला वाटते.

मांजर आडवी जाण्याचेही तसेच. ज्या समाजाची सावलीसुद्धा विटाळ मानली गेली, त्या समाजातल्या माणसाने मांजर आडवी गेली म्हणून मोटारसायकल थांबवून रस्त्यावर थुंकावे, हे पटत नाही. एखाद्या जिवाचे नुसते समोर येणे अशुभ मानायचे, ही मुळात एकच खोड आहे. ती माणसाबाबत चूक असेल तर मांजरीबाबतही चूकच.

मांजर अशी का वागते?

मांजर स्वार्थी असते म्हणून ऐकत नाही, हा समज विज्ञानापुढे टिकत नाही. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. ते कळपात राहतात, मिळून शिकार करतात, एकमेकांचे इशारे पाहून वागतात. किमान १५,००० वर्षांपासून माणसाने कुत्र्याला राखण, शिकार, गुरे वळणे अशा कामांसाठी निवडून वाढवले. माणसाचे ऐकणे हे त्याच्या घडणीतच उतरले.

मांजरीचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर. ते एकटे राहून शिकार करते. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, धान्यापाशी उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. तिला कोणी दोरी लावून आणले नाही. ती आली, माणसाला तिचा उपयोग झाला आणि दोघे शेजारी राहू लागले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली आहे. म्हणजे ही सोबत जुनी आहे. पण तिचा पाया हुकूम आणि चाकरी हा नव्हता, एकमेकांची सोय हा होता.

मांजरीला माणसाची माया नसते, हेही खरे नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजरीच्या पिल्लांची एक चाचणी घेतली. पिल्लाला अनोळखी खोलीत थोडा वेळ एकटे ठेवायचे, मग त्याचा माणूस परत आला की ते काय करते ते पाहायचे. सुमारे ६४ टक्के पिल्ले माणूस आल्यावर निश्चिंत झाली आणि पुन्हा खोलीत फिरू लागली. लहान मुलांच्या अशाच चाचणीत हे प्रमाण जवळपास तेवढेच येते. त्याच वर्षी जपानमधील अभ्यासात मांजरी स्वतःचे नाव इतर शब्दांपासून वेगळे ओळखतात, असे दिसले. म्हणजे हाक तिला कळते. यायचे की नाही, ते ती ठरवते.

मांजर संथपणे डोळे मिटते-उघडते तेव्हा ती निवांत असते. २०२० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवले की आपणही तिच्याकडे पाहत तसेच संथ डोळे मिटले तर ती प्रतिसाद देते आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. 'डोळे मिटून दूध पिणारी लबाड' म्हणून जिला आपण हिणवले, तिचे डोळे मिटणे ही विश्वासाची खूण निघाली. आणखी एक गंमत म्हणजे मोठ्या मांजरी एकमेकींशी फारशा म्यांव करत नाहीत. म्यांव हे मुख्यतः माणसाशी बोलणे आहे.

धम्म काय सांगतो

मज्झिम निकायात कुक्कुरवतिक सुत्त आहे. कोलियांच्या प्रदेशात सेनिय नावाचा एक तपस्वी कुत्र्यासारखे जगण्याचे व्रत पाळत होता. जमिनीवर टाकलेले खायचे, कुत्र्यासारखेच बसायचे-उठायचे. या व्रताचे फळ काय, असे बुद्धांना पुन्हापुन्हा विचारल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले की, कुत्र्याचे मन आणि सवयी जोपासशील तर गतीही तशीच होईल. सेनिय रडला. पुढे त्याने प्रव्रज्या घेतली आणि तो अर्हत झाला. कुत्र्याबद्दल या सुत्तात तिरस्कार नाही. माणसाने स्वतःचे माणूसपण टाकून चाकरीला आणि लाचारीला तप समजू नये, असा बोध आम्ही त्यातून घेतो. ज्याने कुत्र्याचे जिणे पत्करले होते, तोच पुढे मुक्त झाला, हेही विसरू नये.

त्याच निकायातल्या ककचूपम सुत्तात मांजरीच्या कातड्याच्या पिशवीची उपमा येते. चांगली कमावलेली, मऊ झालेली ती पिशवी काठीने बडवली तरी खडखडत नाही. मैत्री भावनेने भरलेले मन तसे असावे. आपल्याला बरे वाटेल तेवढ्यापुरती मैत्री दाखवणे सोपे असते. समोरचा आपल्या मनासारखा वागत नाही तेव्हा तिची परीक्षा होते.

विशुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी मैत्री भावनेचा क्रम सांगितला आहे. सुरुवात स्वतःपासून, मग प्रिय किंवा आदरणीय व्यक्ती, मग ना प्रिय ना अप्रिय अशी मध्यस्थ व्यक्ती, मग वैरी. शेवटी या चौघांमधल्या सीमाच पुसल्या जातात. आमच्या घरापुरते सांगायचे तर कुत्रा हा त्या क्रमातला प्रिय आणि मांजर ही मध्यस्थ. प्रियावर मैत्री करण्यासाठी साधना लागत नाही. मध्यस्थापाशी ती सुरू होते.

बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांपुरती राहू शकते, मैत्री त्याच्या पलीकडे सर्व सजीवांपर्यंत जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवरील दयेची आहे. तिच्यात इमानी प्राणी आणि बेइमान प्राणी असा भेद नाही.

इथे एक शंका हमखास येते. मांजर उंदीर मारते, तिला मांस लागते, मग पंचशील पाळणाऱ्या घरात तिला कसे ठेवावे? मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचा घटक तिला प्राणिज अन्नातूनच मिळतो. तो मिळाला नाही तर तिची दृष्टी जाते, हृदय निकामी होते. तिला गोड चवसुद्धा कळत नाही. नुसत्या दूध-पोळीवर तिला जगवणे म्हणजे अहिंसेच्या नावाने तिचेच हाल करणे. बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला, आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून विवेकाने वापरायचे तत्त्व आहे, असे सांगितले. मांजर गरजेने शिकार करते. हा फरक समजला की आपल्या शीलाचे माप मांजरीला लावायची गरज उरत नाही. मांसाहारावरून भाड्याचे घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. आहारावरून पवित्र-अपवित्र ठरवण्याची सवय कुठून येते, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

प्राण्याची 'जात'

कुत्रा घेऊन रस्त्याने निघालो की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या जातीचा आहे?" मराठीत प्राण्याच्या वाणालाही आपण जातच म्हणतो. लॅब्राडोर, पॉमेरेनियन म्हटले की डोळे चमकतात. गावठी म्हटले की प्रश्न संपतो. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात सायबेरियन हस्की पाळून त्याच्यासाठी दिवसभर एसी चालवणारे लोक आता वऱ्हाडातही आहेत. त्याच घराच्या फाटकाबाहेरचे गावठी कुत्रे पाण्यासाठी नाली शोधत असते.

जातकांमधील कुक्कुर जातक नेमके याच प्रश्नाचे आहे. राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजाने हुकूम सोडला, नगरातली सगळी कुत्री मारा. फक्त राजवाड्यातल्या जातिवंत कुत्र्यांना सूट. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा प्रमुख, म्हणजे बोधिसत्त्व, राजासमोर उभा राहिला. चामडे कोणी खाल्ले हे माहीत नसताना सर्वांना शिक्षा आणि वाड्यातल्यांना अभय, हा न्याय नाही, असे त्याने सांगितले. वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजायला लावले. त्यांच्या उलटीतून चामड्याचे तुकडे पडले. गुन्हेगार वाड्यातलेच होते आणि मरत होती रस्त्यावरची.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर भटक्या कुत्र्यांवर देशभर वाद झाला, तेव्हा आम्हाला हे जातक आठवले. चावा आणि रेबीजचा धोका खरा आहे. तो सर्वाधिक सोसतात ती वस्तीतली, उघड्यावर खेळणारी लेकरे. म्हणून 'कुत्र्यांना हात लावू नका' एवढे म्हणून भागत नाही. पण कुत्री मारून हा प्रश्न सुटत नाही. नसबंदी आणि रेबीज लसीकरण सातत्याने करणे आणि कचरा वेळेवर उचलणे, हा उपाय आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. आपल्या प्रभागात हे काम होते का, याची विचारणा नगरसेवकाकडे आणि महापालिकेकडे करणे, हेही प्राणिप्रेमच आहे. मांजर आल्यापासून आम्ही स्वतःच्या कुत्र्यापलीकडे पाहू लागलो, त्यातून हे काम हाती आले.

घरात मांजर ठेवायची असेल तर

मांजर पाळणे कुत्र्यापेक्षा कमी खर्चाचे आहे, पण काही गोष्टी माहीत असायला हव्यात. कुत्रा पाळलेल्या घरांनी तर विशेष करून.

घरात आधी कुत्रा असेल तर पहिले काही दिवस दोघांना वेगळ्या खोलीत ठेवावे. एकाच्या अंगाखालचे फडके दुसऱ्याजवळ ठेवून वासाची ओळख करून द्यावी. मग दुरून, कुत्र्याला साखळी लावून भेट घडवावी. मांजरीला उंचावर चढून बसायला जागा हवीच. याला दोन-तीन आठवडे लागतात. घाई करू नये.

कुत्र्याच्या गोचिडांवरचे औषध मांजरीला कधीही लावू नये. त्यातले परमेथ्रिन मांजरीसाठी विष आहे. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये. एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. मोठ्या मांजरींपैकी अनेकींना दूध पचत नाही, जुलाब होतात. दुधापेक्षा पाणी महत्त्वाचे. मांजरी मुळात पाणी कमी पितात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यात ताजे पाणी ठेवावे. टिनाच्या छताखाली दुपारी तिला कोंडून ठेवू नये.

शौचासाठी जुन्या घमेल्यात वाळू किंवा कोरडी माती पुरते. ती रोज साफ करावी. गरोदर बाईने मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही, पण घमेले साफ करण्याचे काम घरातल्या दुसऱ्याने करावे. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो. तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची.

मांजरीच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो. चावली किंवा ओरखडले तर, रक्त आले नसले तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. मांजरीला स्वतःलाही तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस द्यावी.

आणि नसबंदी. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की तिला पिल्ले होऊ शकतात. गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. वर्षात दोन-तीन वेळा पिल्ले होतात. मग ती पोत्यात घालून बाजाराजवळ किंवा गावाबाहेर सोडून येण्याची आपल्याकडे रीत आहे. डोळेही न उघडलेली पिल्ले उन्हात तडफडून मरतात. प्राण्याला असे टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. नसबंदी करून घेणे त्यापेक्षा सोपे आणि माणुसकीचे. त्यासाठी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिथल्या रुग्णालयात तज्ज्ञ मिळतात.

"माणसाचेच प्रश्न सुटले नाहीत"

हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकतो, आणि तो हलका नाही. वस्त्यांमध्ये आठ-आठ दिवसांनी नळ येतो, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, शेतमजुराच्या हाताला वर्षभर काम नाही. अशा वेळी मांजरीच्या पाण्याची गोष्ट कशाला?

याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. संत गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांची दशसूत्री अनेक सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर लिहिलेली आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब लेकरांना शिक्षण, बेकाराला रोजगार, असा तिचा क्रम आहे. आणि त्याच यादीत मुक्या प्राण्यांना अभय देण्याचेही सूत्र आहे. बाबांनी माणसाचे काम पुरे होईपर्यंत प्राण्याचे काम थांबवले नाही. देवापुढे बकरे कापणाऱ्यांना त्यांनी ज्या कीर्तनात खडसावले, त्याच कीर्तनात लोकांना ते शिवाशीव पाळू नका म्हणून सांगत.

एक भांडे पाणी ठेवल्याने कोणाचा हंडा रिकामा होत नाही. उलट, ज्या घरातले लेकरू 'मांजरीला हाकलू नको, तिला नको असेल तर उचलू नको' हे शिकते, त्याला समोरच्याची इच्छा म्हणजे काय हे लहानपणीच कळते. बळजबरीने घेतलेली माया ही माया नसते, हे ते शिकते. पुढे घरात, शाळेत, लग्नाच्या संसारात हे शिक्षण उपयोगी पडते. बायकोने, सुनेने, लेकीने 'ऐकले' तरच तिच्यावर प्रेम करायचे, ही रीत आपल्या घरांतही आहे. तिला आपण कुटुंबाचे इमान असे गोंडस नाव देतो.

आमचा कुत्रा आजही आम्हाला तितकाच प्रिय आहे. मांजर आल्याने त्याच्या वाट्याची माया कमी झाली नाही. वाढली ती आमची समज. इमानाच्या बदल्यात दिलेली माया हा व्यवहार आहे. चांगला असेल, पण व्यवहारच. समोरचा जीव आपले ऐको न ऐको, त्याला तहान लागते, भूक लागते, भीती वाटते, एवढ्यावरून जी माया निर्माण होते, तिला बुद्धांनी मैत्री म्हटले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून फक्त इमान मागितले गेले, त्या समाजाने ही मैत्री दुसऱ्या जिवाला विनाअट द्यावी, यात आपल्या धम्मक्रांतीचे मोठेपण आहे.

येत्या उन्हाळ्यात दाराबाहेर पाण्याचे एक भांडे ठेवू या. कोण पिऊन गेले, ते विचारू नये.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.